आडनाव सोडा, वाडा धरा: गोव्यातल्या कष्टकरी घराण्याचा माग

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पणजोबा फोंडा तालुक्यात एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) कुळागरात, म्हणजे बागायतीत, पाडेली होते, माड-पोफळी चढायचे. आजोबा तिथेच जन्मले आणि पोटासाठी वास्कोला आले. तुमचा भाचा आता इंग्लंडात स्विंडनला आहे. तिथल्या एका इंग्रज सहकाऱ्याने त्याला १९२१ च्या शिरगणतीतलं आपल्या मजूर पणजोबाचं पान मोबाईलवर दाखवलं: नाव, वय, जन्मगाव, कोणाकडे कामाला, घरात माणसं किती. तेव्हापासून भाच्याने तुमच्यामागे लकडा लावलाय की आपल्या माणसांची नावं पोर्तुगीज शिरगणतीत कुठे मिळतील.

मिळणार नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण या एका आशेवर पणजीच्या चार खेपा घालून हात हलवत परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पोर्तुगीजांनी शिरगणती केली नाही असं नाही. १९०० ची आहे, १९१० ची आहे, पुढे साधारण दर दहा वर्षांनी आहे, शेवटची १९६० ची. पण आपल्या हाताला लागतात ते नुसते तक्ते. कोणत्या महालात किती माणसं, किती हिंदू, किती ख्रिस्ती, किती जणांना लिहिता-वाचता येतं, एवढंच. घराघरांतून भरून आणलेला कागद, ज्यावर तुमच्या पणजोबाचं नाव लिहिलं गेलं असेल, तो तिथे नाही. भारतीय पद्धतीची गोव्यातली पहिली जनगणना १९७१ ची. तिचे कागद मागायची सोयच नाही, कारण १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की हे कागद कोणाला पाहायला मिळणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. इंग्लंडात शंभर वर्षं झाली की पानं खुली होतात, म्हणून १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत उघडली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. आपल्या कायद्यात मुदतच नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातही तक्ते तयार झाल्यावर घरोघरचे कागद सांभाळून ठेवायची रीत नव्हती. त्यामुळे पणजोबा मुंबईच्या गिरणीत असते तरी शिरगणतीत सापडले नसते.

तक्त्यांचा उपयोग मात्र आहे, वेगळ्या कामासाठी. गोव्याची लोकसंख्या १९१० साली ४,८६,७५२ होती. पुढच्या गणतीत, १९२१ च्या रकान्यात, ती ४,६९,४९४ दिसते. सतरा हजारांहून जास्त माणसं कमी. याच दशकात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ येते, आणि पोटामागे मुंबईला गेलेलेही याच दशकातले. तुमच्या घराण्यातला एखादा भाऊ किंवा एखादी पहिली बायको या सुमाराला अचानक नाहीशी होत असेल, तर मृत्यूच्या पुस्तकात १९१८ आणि १९१९ आधी उघडा. मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

आता मुद्द्याचं. तीसेक वर्षं मी वकिलांसाठी पोर्तुगीज दस्तऐवज वाचून मराठीत-इंग्रजीत उतरवून देण्याचं काम केलं. त्यात बहुतेक भाटकारांचे वाद, वाटण्या, इन्व्हेंतार, म्हणजे मयताच्या मालमत्तेची वारसांसाठी केलेली यादी. त्या कागदांत कष्टकरी माणूस सगळीकडे असतो, पण कडेला. भाटाची, म्हणजे बागायती जमिनीची, चतुःसीमा सांगताना "उत्तरेला अमक्या मुंडकाराचं घर", पोफळीच्या हिशेबात "अमक्याला पाडेपण दिलं", साक्षीदाराच्या जागी आंगठा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा. त्याच्या नावाचा कागद जवळजवळ कधीच नसतो, त्याचं नाव दुसऱ्याच्या कागदात असतं. म्हणून तुमच्या शोधाची गुरुकिल्ली तुमचं आडनाव नाही. कोणाचं भाट, कोणता वाडा, कोणतं देवस्थान हे आधी कळलं पाहिजे.

आडनावाचं खरं सांगू? ते बहुधा तुमच्या आजोबांपेक्षा वयाने लहान आहे. फोंड्या-डिचोलीकडच्या कष्टकरी हिंदू घरांत पोर्तुगीज आमदानीत माणसाला स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि फार तर जातीचं किंवा धंद्याचं नाव असे. रेजिस्तात, म्हणजे सरकारी नोंदवहीत, एकाच माणसाच्या नावापुढे एकदा "नाईक", एकदा "गावडो", एकदा काहीच नाही, असं मी कितीदा तरी पाहिलंय. "-कर" लावलेलं आडनाव तर माणूस गाव सोडतो तेव्हाच त्याला चिकटतं. प्रियोळात कोणी कोणाला प्रियोळकर म्हणून हाक मारत नाही, सगळेच तिथले. तो वास्कोला आला, बंदरावर मुकादमाने नाव विचारलं, की प्रियोळकर झाला. पोर्तुगीज राज्य गेल्यावर, मुक्तीनंतर, मुलं भराभर शाळेत गेली तेव्हा मास्तरांनी रजिस्टरात जे लिहिलं ते कायमचं झालं. सख्ख्या दोन भावांच्या मुलांची आडनावं निराळी का, याचं उत्तर पुष्कळदा दोन शाळांचे दोन मास्तर एवढंच असतं. म्हणून वडिलांचा आणि काकांचा शाळेचा पहिला दाखला काढा, पहिल्या शाळेचा, शेवटच्या नव्हे. तिथे आडनावाचा जन्म दिसतो, आणि गावचा वाडाही बहुधा लिहिलेला असतो.

कागदांकडे जाण्याआधी घरातलं काम उरका. वयस्कर माणसांना "आपला मूळ पुरुष कोण" असं विचारू नका. या प्रश्नावर सगळे एकतर गप्प होतात नाहीतर कुठल्या तरी राजाच्या पदरी जाऊन बसतात. विचारायचं ते असं: आपल्याला कोणाकोणाचं सुतक येतं? दहा दिवसांचं कोणाचं आणि तीन दिवसांचं कोणाचं? सुतक ज्यांचं पूर्ण येतं ती तुमची भावकी, मग आज त्यांचं आडनाव काहीही असो. दुसरा प्रश्न चवथीचा. आजोबा चवथीला कोणत्या घरी जात? गणपती एकत्र होता तो कधी वेगळा झाला, आणि वेगळा करताना भांडण कशावरून झालं? भांडण विसरत नाहीत लोक. त्या भांडणाच्या सालावरून मी एका कुटुंबाची वाटणी कधी झाली हे ठरवलं आणि मग कोर्टात तिचा कागद सापडला. तिसरा प्रश्न लग्नाच्या वेळी पहिला नारळ कोणत्या देवाला ठेवतात हा. आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आजोबांपेक्षा आजीच्या बहिणीकडे, लग्न होऊन बाहेर गेलेल्या आत्यांकडे चांगली मिळतात. बाहेर गेलेल्या बाईला माहेरचं सगळं पाठ असतं.

देवाबद्दल जरा सांभाळून. अंत्रुज महालातली, म्हणजे तुमच्या फोंड्याकडची, मोठी देवस्थानं मूळची तिथली नाहीत. मंगेश कुठ्ठाळीचा, तो १५६० च्या सुमाराला प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीची, ती कवळ्याला. महालसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला. जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या मुलखात, देवळं पाडली गेली तेव्हा देव नदीपलीकडे गेले आणि त्यांच्यामागे माणसंही गेली. म्हणून कुलदेवता मंगेश आहे म्हणजे घराणं सासष्टीतून आलं, असा तर्क महाजन, म्हणजे देवस्थानात हक्क असलेल्या, घराण्यांच्या बाबतीत लागू पडतो. पाडेली, कुणबी, देवळाच्या जमिनीवर राबणारी कुळं यांच्या बाबतीत तसाच लावू नका. देव आला तेव्हा ती माणसं अंत्रुजातच असण्याचा संभव तितकाच, आणि पुढे मालकाचा देव तो आपला देव झाला. अशा घरांत मोठ्या देवस्थानाच्या नारळाआधी एखाद्या राखणदाराला किंवा वाड्यावरच्या मूळपुरुषाला काहीतरी द्यायची रीत असते. तुमचा जुना पत्ता तो.

आता कागद, आणि तेही अलीकडून पलीकडे. थेट शंभर वर्षं मागे उडी मारणारे हमखास चुकीच्या घरात उतरतात.

तुमच्यासारख्या कुटुंबाला मुक्तीनंतरच्या कायद्यांनी एक मोठी देणगी दिली आहे, ती म्हणजे मामलेदार कचेरीतले खटले. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांखाली हजारो अर्ज झाले. मुंडकाराला आपण या घरात राहतो हे सिद्ध करायचं असे, म्हणून अर्जात आणि जबान्यांत तो सांगतो की माझा आजा इथे राहत होता, त्याचं नाव अमुक, त्याने झोपडी बांधली, बापाने तिची भिंत मातीची केली. शेजाऱ्याची साक्ष, भाटकाराचा उलट जबाब, घराचा पंचनामा. कष्टकरी माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला घराण्याचा इतिहास गोव्याच्या सरकारी कागदांत कुठे असेल तर तो या फायलींत. भाटकाराचा वकील तो खोटा पाडायला बसलेला असतो, म्हणून मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. तुमचे आजोबा वास्कोला गेले, पण त्यांचा एखादा भाऊ मूळ घरात राहिला असेल तर त्याच्या नावाची फाईल आहे का ते विचारा.

फाईलचा नंबर शोधायला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद, लागतो. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर सत्तरच्या दशकात जी मोजणी झाली तिच्यात प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर पडला. उताऱ्यात कब्जेदार भाटकार असतो, पण कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना पाहा. आज छापून मिळतो तो ताजा उतारा. तुम्हाला हवा तो मोजणीच्या वेळचा पहिला, आणि मग त्यातले फेरफार. मूळ घराचा सर्व्हे नंबर माहीत नसेल तर गावात जाऊन शेजारच्या घराचा विचारा, तिथून नकाशावर सरकता येतं.

जुन्या मतदारयाद्याही याच काळातल्या. पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली आणि जनमत कौल १६ जानेवारी १९६७ ला. यादीत घर नंबर, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय असतं. एकाच घर नंबरात कोण कोण राहत होतं हे कळतं, म्हणजे भाच्याला हवी असलेली शिरगणतीच म्हणा ना, फक्त मुलं वगळून. वयावर मात्र पाच-दहा वर्षं इकडे-तिकडे धरा.

मग येतं सोनं. गोव्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १९१४ पासून सक्तीची झाली, सगळ्या धर्मांना. तुमचे आजोबा १९१८ च्या आसपासचे म्हणता, म्हणजे ते या पुस्तकांत असायला हवेत. तालुक्याच्या सिव्हिल-कम-सब-रजिस्ट्रारकडे विचारायचं, जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहायची. मागताना छापील दाखला मागू नका. छापील दाखल्यात नाव, तारीख आणि आईबाप एवढंच येतं. तुम्हाला हवी मूळ नोंदीची शब्दशः नक्कल, जिला आपल्याकडे सगळे "तियोर" म्हणतात. पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी हीच लागते, त्यामुळे कारकुनाला शब्द लगेच कळतो. आणि त्याच कारणाने रांगही असते.

तियोरात काय असतं ते सांगतो म्हणजे तुम्हाला तिची किंमत कळेल. मूल कधी आणि कुठे जन्मलं, म्हणजे गाव आणि बहुतेक वेळा वाडा. बापाचं नाव, धंदा, तो कुठला मूळ आणि कुठे राहणारा. आईचं तसंच. आणि मग दोन ओळी ज्यांच्यासाठी मी ही पुस्तकं आयुष्यभर उघडत आलो: "आवोश पातेर्नुश" आणि "आवोश मातेर्नुश", बापाकडचे आजा-आजी आणि आईकडचे आजा-आजी, नावांसकट. म्हणजे १९१८ च्या एका नोंदीत तुमच्या आजोबांचे चारही आजे-आज्या. त्यांतला म्हातारा १८५० च्या आगेमागे जन्मलेला असणार. एका पानात तुम्ही सत्तर वर्षं मागे गेलात. इंग्लंडच्या शिरगणतीचं पानही एवढं देत नाही, हे भाच्याला जरूर सांगा.

धंद्याच्या जागी "पाडेली" शोधू नका, पोर्तुगीज कारकुनाकडे हा शब्द नव्हता. तिथे "जोर्नालेइरु" असेल, म्हणजे रोजंदार, किंवा "लाव्रादोर", म्हणजे शेतकरी. आईच्या नावापुढे "दोमेश्तिका" लिहिलेलं असेल, घरकाम करणारी, मग ती बाई पहाटेपासून शेतात कंबर मोडत असली तरी. "प्रोप्रिएतारिउ" दिसला तर जरा थांबा, तो मालक, तुमच्या पणजोबाशी नाव जुळत असलं तरी माणूस दुसरा असण्याची शक्यता मोठी. "दिफुंतु" म्हणजे नोंदीच्या वेळी वारलेला. हा शब्द आज्याच्या नावापुढे आला की मृत्यूचं पुस्तक कोणत्या सालाच्या आधी शोधायचं ते ठरतं. आणि शेवटी "लिहिता येत नसल्याने सही केली नाही" असं वाक्य असेल. ते वाचून कोणी खंतावतं, मला मात्र बरं वाटतं, कारण माणूस बरोबर सापडल्याची ती एक खूण असते.

नावं वाचायची एक सवय करावी लागते. रोमी अक्षर "एक्स" दिसलं की "श" वाचा. "क्यू-यू" दिसलं की "क", म्हणून नाईक तिथे एन-ए-आय-क्यू-यू-ई असा शेपूट लावून बसलेला असतो. शब्दाच्या शेवटचा "एम" म्हणजे नुसता नाकातला उच्चार. मधला अ पुष्कळदा "ओ" होतो, कारण कारकुनाने कोंकणी कानाने ऐकलं: प्रभूचा पोरोबो त्यामुळेच. गावंही तशीच, पेडणे म्हणजे पेर्नें, डिचोली म्हणजे बिचोलिं. स्पेलिंगवर अडून बसू नका. एकाच पानावर एकच नाव दोन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. मोठ्याने वाचा, शक्यतो गावच्या हेलात. डोळ्यांना न कळलेलं नाव कानाला कळतं.

बायकांची नावं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलत. त्यामुळे तुमची पणजी स्वतःच्या जन्मनोंदीत एका नावाने असते, मुलांच्या नोंदीत सासरच्या नावाने, आणि तिच्या माहेरच्या भावाने कधी मुलाची खबर दिली असेल तर त्याने सांगितलेल्या माहेरच्या नावाने. मी एका घरात तीन बायका मोजल्या होत्या. शेवटी कळलं, एकच बाई. उलटंही होतं: पहिली बायको बाळंतपणात गेली, दुसरी आणली आणि सासूने तिलाही तेच नाव ठेवलं. यातून वाट काढायला लग्नाची नोंद लागते, कारण तिच्यात वधूच्या आईबापांची नावं येतात. मुलांच्या नोंदींतली आईकडच्या आज्याची ओळ आणि लग्नाच्या नोंदीतला वधूचा बाप हे जुळले तर बाई तीच. म्हणून एकट्या आजोबांची तियोर काढून थांबू नका. त्यांच्या सगळ्या भावंडांच्या काढा, पैसे लागले तरी. एका भावंडाच्या नोंदीत जे कारकुनाने गाळलं ते दुसऱ्याच्या नोंदीत सापडतं.

जन्मतारखेवर फार विश्वास नको. वाड्यावरून कचेरीत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची. त्यामुळे दोन-तीन मुलांच्या नोंदी एकाच दिवशी झालेल्या दिसतात आणि मुदत टळल्याचा दंड चुकवायला तारीख पुढे ढकललेली असते. घरात "शिमग्यात जन्मला" म्हणतात आणि पुस्तकात पावसाळा आहे, तर मी शिमगा खरा मानतो.

माझी एक चूक सांगतो, तुमची वाचावी म्हणून. एका कुटुंबासाठी मी जवळजवळ पाच महिने माग काढला. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, धंदा रोजंदार, साल जुळतं. चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढून दिला, त्यांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला. मग त्यांच्या एका म्हाताऱ्या आत्याने पाहिला आणि म्हणाली, हे खालच्या वाड्यावरचे, आमचे नव्हेत. आमची आजी बेतकीची. मी पुस्तकं पुन्हा उघडली. एकाच गावात, एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन रोजंदार, तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेले. थोरल्या नातवाला आज्याचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे गावात पाच-सहाच नावं फिरत राहतात. मी वाड्याच्या नावाकडे लक्ष दिलं नव्हतं, आईकडच्या आज्याची ओळ तर वाचलीच नव्हती. तेव्हापासून बापाच्या ओळीआधी मी आईची ओळ वाचतो.

१९१४ च्या आधी हिंदू कष्टकरी कुटुंबासाठी वाट अरुंद होते. बंद होत नाही. इथे तुमच्या हातात भाटकाराचं नाव असलं पाहिजे. तो वारला तेव्हा वारसांत अल्पवयीन कोणी असेल तर कोर्टात इन्व्हेंतार झालेलं असणार, आणि त्यात प्रत्येक भाट, त्यातले माड, पोफळी, घरं, येणी-देणी यांची यादी असते. मुंडकाराने घेतलेले पाच-दहा रुपये कर्ज म्हणून लिहिलेले मी वाचले आहेत, नावासकट. नोटरीची पुस्तकंही पाहण्यासारखी, कारण भाट गहाण पडलं की चतुःसीमा येते आणि चतुःसीमेत शेजारी येतो. भाट देवस्थानाचं असेल तर देवस्थानचे जमाखर्च. नव्या काबिजादींतले, म्हणजे फोंड्यासारख्या मागाहून घेतलेल्या मुलखातले, हे जुने हिशेब पुष्कळदा मोडीत आहेत, म्हणजे मराठीच, फक्त लिपी वेगळी, आणि ती शिकायला चार-सहा महिने पुरतात. १९३३ च्या देवस्थान कायद्याखाली महाजनांची यादी ठेवतात, तिच्यात तुमचं नाव नसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. देवस्थानच्या नियमावलीत सेवेकऱ्यांची कामं आणि मोबदला लिहिलेला असतो, आणि खर्चाच्या वहीत पाडेल्याला दिलेले नारळ.

कोमुनिदादीबद्दल, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेबद्दल, सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. गांवकरांच्या, म्हणजे तिच्या वंशपरंपरेच्या सभासदांच्या, यादीत नाव असलं तर बापाकडून बापाकडे सलग माग मिळतो, कारण झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळायचा हक्क पुरुषवंशाने चालतो. तुमच्यासारख्या घराचं नाव तिथे सहसा नसतं. पण कोमुनिदादीची शेतं पावणी, म्हणजे लिलाव, करून कसायला देत, आणि पावणीच्या पुस्तकात बोली लावणारा आणि त्याचा जामीन यांची नावं येतात. जामीन कोण राहतो? मेव्हणा, नाहीतर सासरा. तेवढं एक पुस्तक चाळा, बाकीची राहू द्या.

तुम्ही जात लिहिली नाही आणि मी विचारत नाही. पण घराणं गावडा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९२८ साली मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत अनेक गावडा कुटुंबं ख्रिस्ती धर्मातून हिंदू धर्मात आली. अशा घराचा माग १९२८ च्या मागे हिंदू नावांत शोधलात तर भिंतीवर आपटाल. तो चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत आहे, पोर्तुगीज नावांनी, आणि ती पुस्तकं सरकारी रेजिस्तापेक्षा कितीतरी जुनी आहेत. जुन्या पॅरिशांची बरीच पुस्तकं पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. म्हणजे याच घरांना, गंमत पाहा, भाटकारांपेक्षाही लांबचा माग मिळू शकतो.

आजोबांचा कोणी भाऊ बोटीवर होता का, तेही विचारून घ्या, वास्को म्हटलं म्हणून आठवलं. असेल तर भाच्याला इंग्लंडात बसल्या-बसल्या एक काम आहे: १९१५ सालच्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशीयाद्या नावानिशी इंटरनेटवर आहेत, आणि त्यांत जन्मस्थान गोवा असलेली माणसं भरपूर.

आता तुम्ही करायचं ते इतकंच. फोंड्याला जाताना आजोबांचं नाव, त्यांच्या आईबापांची नावं, गाव, वाडा आणि सालाचा अंदाज एका कागदावर लिहून न्या, आणि साल दोन्हीकडे पाच-पाच वर्षं मोकळं ठेवा. एकाने शोधून "नाही" सांगितलं तर स्पेलिंग बदलून पुन्हा अर्ज करा. एका कचेरीत मला तीनदा "नाही" मिळालं होतं, चौथ्या वेळी पुस्तक मी स्वतः चाळू का म्हणून विनवलं तेव्हा नोंद दुसऱ्याच पानावर निघाली. पान सापडलं की नक्कल तर घ्याच, शिवाय परवानगी मिळाली तर पूर्ण पानाचा फोटो घ्या, समासासकट. समासात नंतरच्या नोंदी केलेल्या असतात: लग्न कधी, कोणाशी, मृत्यू कधी. नक्कल करणारा घाईत असला की समास गाळतो.

आणि फोटो मिळाला की मला पाठवण्याआधी तो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा. आईकडच्या आज्याचं नाव ऐकून ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि मग दोन्ही पाठवा.